दूरस्थ तारकागुच्छांचा अजमास



शेजारच्या दीर्घिकांत जे तारकागुच्छ दिसतात, त्यांचे वय, वस्तुमान आणि त्यांच्या प्रकाशाच्या वाटेवरील धुळीचे प्रमाण आपण कोणत्या आधारावर ठरवितो, आणि तो आधार कितपत भक्कम आहे, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

कृत्तिकांतील तारे एकेक करून मोजता येतात. परंतु देवयानी दीर्घिका सुमारे 25 लक्ष प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे तेथील एका विकलेत जवळजवळ 12 प्रकाशवर्षांचा विस्तार सामावतो, आणि तेवढ्या जागेत अख्ख्या गुच्छाचा गाभा मावून जातो. तिच्याही फार पलीकडच्या दीर्घिकांत तर गुच्छ म्हणजे प्रकाशाचा केवळ एक ठिपका. त्या ठिपक्याची दीप्ती जंबुपारापासून अवरक्तापर्यंतच्या पाच-सहा पट्ट्यांत मोजावयाची आणि ती प्रतिमानांशी ताडून पाहावयाची, एवढेच बहुधा आपल्या हाती उरते. तरुण गुच्छ निळा आणि वृद्ध गुच्छ तांबडा हा ढोबळ नियम खरा. पण धूळही प्रकाशाला तांबूस करते, जड मूलद्रव्यांचे आधिक्यही तेच करते, आणि म्हणून धुळीने वेढलेला तरुण गुच्छ व निर्मळ अवकाशातील वृद्ध गुच्छ पुष्कळदा एकाच रंगाचे भासतात. अशा वेळी हायड्रोजनची 656 नॅनोमीटरची तांबडी रेषा दिसली, तर भोवतालच्या वायूला चेतविणारे अतितप्त तारे अद्याप हयात आहेत, एवढे तरी निश्चित सांगता येते.

ठिपक्यावरून निष्कर्ष काढण्यातला धोका किती मोठा असतो, याचा दाखला मॅगेलनच्या मोठ्या मेघातच, म्हणजे अवघ्या 1 लक्ष 60 हजार प्रकाशवर्षांवर, मिळालेला आहे. तेथील आर136 या तेजोबिंदूच्या गाभ्यात सूर्याच्या सुमारे अडीच हजारपट वस्तुमानाचा एकच अजस्र तारा असावा, असे मत 1981 साली साधार मांडले गेले होते. 1985 साली वायगेल्ट आणि बायर यांनी स्पेकल व्यतिकरणमितीने पाहिले, तेव्हा त्या एका विकलेच्या आत आठ तारे वेगळे झाले.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढी प्रस्तावना केली, त्याकडे येतो. सूर्याच्या हजारपट वस्तुमानाचा एखादा तरुण गुच्छ घ्या. त्यात जन्मतः दीड-दोन हजार तारे असतील, परंतु सूर्याच्या आठपटींहून जड असे त्यांत जेमतेम दहाच; आणि वीसपट वस्तुमानाचा एकटा तारा सूर्याच्या काही दहा-हजारपट प्रकाश देत असल्याने, साऱ्या गुच्छाचा रंग त्या मूठभरांच्या स्वाधीन असतो. त्यांपैकी एखादा निरीक्षणाच्या वेळी तांबड्या महाराक्षसी ताऱ्याच्या अल्पकालीन अवस्थेत असला, तर गुच्छ वृद्ध भासतो. नसला, तर तोच गुच्छ त्याच वयात बालक ठरतो. वयाचा अंदाज ढळला की वस्तुमानाचाही ढळतो, कारण वय वाढते तसा तेवढ्याच वस्तुमानाचा प्रकाश मंदावत जातो. लक्ष सौर वस्तुमानाच्या गुच्छात ही यदृच्छा सरासरीत विरून जाते; लहान गुच्छांत ती विरत नाही, आणि बहुसंख्य गुच्छ तर लहानच असतात.

आपल्या महसूल खात्यात उभ्या पिकाची नजर-आणेवारी होत असे, आणि तिची पारख करण्यासाठी निवडक शेतांत प्रत्यक्ष पीक कापून त्याचे वजन केले जाई. तशी कापणी आपल्यालाही शक्य आहे. हबल दुर्बिणीने 2010 ते 2013 या काळात देवयानीच्या तबकडीच्या सुमारे तृतीयांश भागाचे जे सर्वेक्षण केले, त्यातून 11 कोटी 70 लक्ष ताऱ्यांची नोंद झाली आणि हजारो हौशी नागरिकांच्या नजरेच्या साहाय्याने 2,753 गुच्छ निश्चित झाले. त्यांतील पुष्कळांचे वय एकेका ताऱ्याच्या रंग-दीप्ती आलेखावरून काढता येते, आणि मग त्याच गुच्छांच्या एकत्रित प्रकाशावरून बांधलेला अंदाज तपासता येतो. या तपासणीइतके शिक्षण मला कोणत्याही प्रतिमानाने दिलेले नाही.

गुच्छांचे वय हे दीर्घिकेच्या इतिहासाचे दफ्तर आहे, म्हणूनच हा आग्रह. मोठ्या मॅगेलनी मेघात सुमारे 4 अब्ज ते 12 अब्ज वर्षांच्या दरम्यानचे गुच्छ जवळजवळ आढळतच नाहीत. ही पोकळी का पडली, हा प्रश्न आपण विचारू शकतो तो केवळ त्या वयांवर विश्वास ठेवता येतो म्हणून. जेथे एकेका ठिपक्याचे वय दसपटीने इकडेतिकडे सरकू शकते, तेथे अशी पोकळी खरी की आपल्या पद्धतीने निर्माण केलेली, हे कसे सांगावयाचे?

यास्तव माझी या परिषदेला विनंती आहे, की आपल्या सदस्यांच्या कोष्टकांत प्रत्येक गुच्छापुढे एकच आकडा न लिहिता वय, वस्तुमान आणि धूळ या तिन्हींच्या संभाव्यतेचे संपूर्ण वितरण द्यावे, आणि ज्याच्या वितरणाला दोन शिखरे असतील त्याची दोन्ही शिखरे नोंदवावीत. 2015 साली प्रक्षेपित झालेल्या ॲस्ट्रोसॅटवरील जंबुपार दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र हबलच्या मानाने फार विस्तीर्ण आहे, तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुकाचाही वाटा आहे, आणि तिचे निरीक्षण-साहित्य आपल्या विद्यार्थ्यांना उपलब्ध आहे. कामाचा आरंभ देवयानीपासून करावा, कारण पडताळ्याची सामग्री तेथे सिद्ध आहे. तसा ठराव दुपारच्या बैठकीत मांडला जाईल, त्याला आपण संमती द्यावी.