पोर्तुगीज चर्च ते बेलापूर: चार्ल्स कोरिया नावाचा एक बांधणारा माणूस

लोकलमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कळव्याच्या पुढे तसंही काही ऐकू येत नाही.

आजचा भाग एका बिल्डरवर आहे. थांबा, स्किप करू नका. मला माहितीये, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हा शब्द आपण कुठल्या सुरात उच्चारतो ते. आपल्याकडे बिल्डर म्हणजे स्टेशनबाहेर छत्रीखाली पॅम्प्लेट वाटणारा पोरगा, ‘स्टेशनपासून ५ मिनिटं’ (रॉकेटने), आणि पझेशनची तारीख विचारली की फोन न उचलणारं ऑफिस. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब वरपासून खालपर्यंत कोसळले आणि माणसं गेली. तेव्हापासून आमच्या गल्लीत वरच्या मजल्यावर कुणी हातोडी मारली तरी खालचे लोक बाहेर येऊन वर बघतात.

म्हणून मला मुद्दाम एका वेगळ्या बांधणाऱ्याबद्दल बोलायचंय. चार्ल्स कोरिया. तसे ते आर्किटेक्ट. गोव्याच्या कॅथलिक कुटुंबातले. जन्म सिकंदराबादचा, १ सप्टेंबर १९३०. मुंबईत सेंट झेवियर्सला शिकले, मग अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी. मनात आणलं असतं तर तिथेच राहिले असते. पण परत आले आणि १९५८ मध्ये मुंबईत स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. १६ जून २०१५ ला मुंबईतच गेले.

लहानपणी त्यांना खेळण्यातल्या आगगाड्यांचं वेड होतं. रूळ कसे टाकायचे, कुठे वळवायचे, याचे नकाशे ते काढत बसायचे, आणि आपली ड्रॉइंगशी पहिली ओळख तिथे झाली असं त्यांनी स्वतः सांगितलंय. सेंट्रल लाइनवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं, उगाच.

आता तुमच्यापैकी बहुतेक जण दादरला उतरता. गोखले रोडवर पोर्तुगीज चर्च आहे, तो स्टॉप सगळ्यांना माहीत आहे. पण आत किती जण गेलेत? खरं नाव अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च. या जागी चर्च आहे ते सोळाव्या शतकापासून, पोर्तुगीजांच्या काळापासून. आत्ताची इमारत मात्र कोरियांची, १९७४ ते १९७७ मधली. आपल्या डोक्यात चर्च म्हटलं की उंच मनोरा, टोकदार कमानी, रंगीत काचा. इथे तसं नाही. काँक्रीटचे मोठे घुमटासारखे आकार आहेत, वर निमुळते होत गेलेले, आणि त्यातून उजेड खाली उतरतो. मध्येमध्ये उघडी अंगणं. बंद खोलीतून अंगणात, अंगणातून पुन्हा छपराखाली, असं तुम्ही चालत जाता. बाप्तिस्मा, मग प्रार्थना, येशूच्या आयुष्यातले टप्पे जसे, तशी जागांची रचना.

मी कॅथलिक नाही. पण अंबरनाथच्या शिवमंदिरात लहानपणापासून गेलोय. तिथे मंडपातून पायऱ्या उतरून खाली गाभाऱ्यात जायचं, आणि वर बघितलं तर आकाशाचा तुकडा. त्या मंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख आहे. दादरला त्या काँक्रीटखाली उभं राहिलो तेव्हा मला गाभारा आठवला. कोरियांनी १९८९ मध्ये ‘द पब्लिक, द प्रायव्हेट अँड द सेक्रेड’ नावाचा लेखच लिहिलाय. आपल्या उष्ण देशात उघडं आकाश ही चैन नाही, ती खोलीइतकीच वापरायची जागा आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा धोशा. साबरमतीला गांधीजींचं संग्रहालय असो की पुण्यात विद्यापीठातली आयुका, कुठेही जा, मध्ये अंगण सापडणारच.

एक छोटं वळण घेतो. दादरच्या पुढच्याच स्टेशनला, माटुंग्याला, डॉन बॉस्कोचं चर्च आहे, १९५७ चं. ते उभं करण्यामागे ऑरेलिओ मास्कियो नावाचे इटलीहून आलेले धर्मगुरू होते. ते चर्च सगळं संगमरवरी, उंच, इटलीची आठवण जपणारं. दूरवरून आलेल्या माणसाने आपलं गाव इथे उभं केलं. आणि कोरियांनी वीसेक वर्षांनी त्याच श्रद्धेसाठी मुंबईच्या उन्हापावसाचं चर्च बांधलं. कुठलं जास्त चांगलं, यात मी पडणार नाही. एका सुट्टीच्या दिवशी दोन्ही बघून या, तिकीट तेवढंच लागतं.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा घराचा आहे.

१९६४ मध्ये कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी सरकारपुढे मांडलं की मुंबई उत्तरेलाच लांबवत बसू नका, खाडीपलीकडे नवीन शहर वसवा. १९७० मध्ये सिडको निघाली आणि कोरिया तिचे चीफ आर्किटेक्ट झाले. ठरलं तसं सगळं झालं नाही. मंत्रालय आणि सरकारी कचेऱ्या तिकडे जातील अशी आशा होती, त्या काही हलल्या नाहीत. उलट नरिमन पॉइंटला भर घालून टॉवर उठतच राहिले. त्याची किंमत कोण देतंय? सकाळची ७:१० ची लोकल पकडणारे आपण.

पण त्याच नवी मुंबईत, बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी एक वसाहत आहे. आर्टिस्ट्स व्हिलेज. १९८३ ते ८६ मधली. जागा साधारण साडेपाच हेक्टर, आखणी सुमारे ५५० कुटुंबांची. सात घरं घ्यायची आणि मध्ये आठ बाय आठ मीटरचं अंगण. असे तीन गट एकत्र आले की २१ घरांचा मोठा चौक. तसे तीन आले की त्याहून मोठा. आमच्या धंद्यात याला रिकर्शन म्हणतात. मी पहिल्यांदा तो नकाशा बघितला तेव्हा अक्षरशः हसलो.

सगळ्यात भारी गोष्ट पुढे आहे. प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. म्हणजे सगळ्यात गरीब आणि त्यातल्या त्यात बऱ्या माणसाच्या जमिनीत दुपटीचाही फरक नाही. आणि प्रत्येक घराच्या भिंती स्वतःच्या. शेजाऱ्याबरोबर भिंत वाटून घ्यायची नाही. का? कारण मग पैसे आले की तुम्ही शेजाऱ्याला न विचारता घर वाढवू शकता. आधी एक खोली, मग दुसरी, पोरगा मोठा झाला की वर मजला. साधं बांधकाम, गावातल्या गवंड्याला जमेल असं.

आज तिथे गेलात तर मूळ घरं कमी दिसतील. बऱ्याच लोकांनी पाडून बंगले बांधलेत, टाइल्स, रेलिंग, सगळं. आर्किटेक्चरवाली मंडळी हळहळतात. मला तितकं वाईट वाटत नाही. ज्याने घर वाढायला बांधलं, त्याचं घर वाढलं. मात्र अंगणं बऱ्याच ठिकाणी अजून आहेत, आणि त्यात अजून माणसं बसतात, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याच माणसाने कंबाला हिलवर कांचनजुंगासारखा २८ मजली टॉवरही बांधला, श्रीमंतांसाठी. तिथेसुद्धा कोपऱ्यात दोन मजले उंच गच्च्या सोडल्या, वारा यावा, पावसापासून आडोसा मिळावा म्हणून. म्हणजे त्यांचं भांडण उंचीशी नव्हतं.

आणि घरात? १९६१ मध्ये मोनिकाशी लग्न. त्या स्वतः विणकाम करणाऱ्या मोठ्या कलाकार. दोन मुलं, त्यातली मुलगी नोंदिता आर्किटेक्ट. पद्मविभूषण मिळालं, लंडनचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं, हे गुगलवर आहेच, वाचून घ्या. १९९६ मध्ये गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं यासाठीच्या समितीचे ते प्रमुख होते. मोकळ्या जागा आणि परवडणारी घरं मिळावीत म्हणून त्यांनी आराखडा दिला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणीला फक्त मोकळी जमीन धरायची, गिरणीची इमारत उभी असलेली नाही. लोअर परळला उतरून आजूबाजूला बघा, पुढचं सांगायला नको.

हे सगळं मी आत्ता का वाचत बसलोय, ते सांगतो. आमचं घर उल्हासनगरचं, कॅम्प नंबर चार. हे शहरच मुळात दुसऱ्या महायुद्धातला लष्करी कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासित बॅरेकमध्ये राहायला आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला त्याचं उल्हासनगर झालं. लोकांनी बॅरेकला पडवी काढली, पडवीची खोली केली, खोलीवर मजला. आम्ही खूप नंतर आलो, पण घर तसंच वाढलं. आजोबांची एक खोली. बाबांनी मागे स्वयंपाकघर काढलं. मग पोटमाळा, जिथे मी जेईईचा अभ्यास केला. मग ताईच्या लग्नाआधी वरची खोली. कुठल्याही आर्किटेक्टने न काढलेला बेलापूरचा नकाशा.

आता मला बदलापूरला टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर टू बीएचके घ्यायचाय. लिफ्ट, पार्किंग, वीस वर्षांचं लोन. स्लॅब पडायची भीती नाही, हा माझा मुद्दा, आणि तो खोटा नाही. बाबा म्हणतात, ‘अरे, २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस कुठे अडकली होती पाण्यात? बदलापूरच्या पुढेच ना?’ हाही मुद्दा खोटा नाही. आई एवढंच विचारते की कुरडया कुठे वाळत घालायच्या. मी बाल्कनीचं माप सांगितलं, चार बाय नऊ. ती काही बोलली नाही.

मी साइट ऑफिसमध्ये विचारलं, की पुढे अजून एक खोली लागली तर? समोरचा मुलगा माझ्याच वयाचा. त्याने टॅब फिरवून थ्री बीएचकेचा प्लॅन दाखवला. त्याच्याकडे दुसरं उत्तर असणार तरी कुठून.

टोकन द्यायला पंधरा तारखेपर्यंत मुदत आहे. त्याआधी या रविवारी आईबाबांना घेऊन बेलापूरला जातोय. कल्याण, ठाणे, तिथून पनवेलची गाडी. आईने डबा करायचं ठरवलंय. कुठल्या तरी अंगणात बसून खाऊ, कुणी उठवलं नाही तर.

तुमच्याकडेही असं हळूहळू वाढलेलं घर असेल, तर कुठली खोली कधी आणि कशासाठी काढली, ते व्हॉइस नोटवर पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एका काकांनी अकरा मिनिटं बोलून शेवटी नाव सांगितलं नव्हतं. भेटू पुढच्या शुक्रवारी.