पुरुषांनी लपवू नये असा आजार

मंडळी, बायकांनीही बसावे. विषय पुरुषांचा आहे. पण आजारी माणसाचे करावे लागते ते बहुधा तुम्हालाच.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शी आहे. तिथे १९८७ साली कर्करोगाची नोंद ठेवण्याचे काम सुरू झाले. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या खेड्यांत कुणाला हा रोग झाला, ते लिहून ठेवू लागले. खेड्यांसाठी असे काम भारतात प्रथम इथेच झाले. कामाची माणसे गावोगाव गेली. त्यांनी रोगाच्या खुणा लोकांना समजावून सांगितल्या.

पुरुषांत तोंडाचा कर्करोग फार. कारण तंबाखू. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली. तरी पुडी मिळते, हे मी तुम्हाला कशाला सांगू? तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा आला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दवाखान्यात जा. तोंडात तीन बोटे उभी जात नसतील तरी जा.

दुसरा रोग लघवीच्या जागेचा. नाव काढले की माणसे खाली बघतात. मी बघणार नाही. पुढची कातडी मागे सारून ती जागा रोज पाण्याने धुवावी. कातडी मागे सरत नसेल तर आत मळ साचतो. डॉक्टर लहानसे ऑपरेशन करतात. तिथे फोड, गाठ किंवा जखम दिसली तर मलम लावून महिने काढू नका. वेळेवर गेले तर थोडाच भाग काढून भागते. उशीर झाला तर रोग जांघेत उतरतो, आणि पुष्कळ काही गमवावे लागते. लाजेची किंमत एवढी मोठी!

तरण्या पोरांच्या अंडात न दुखणारी गाठ येते. दुखत नाही म्हणून ती सोडू नये. लवकर सापडली तर बहुतेक पोरे बरी होतात. म्हाताऱ्यांची लघवीची धार बारीक होते. ते बहुधा वयाने होते. पण लघवीत रक्त दिसले तर थांबू नये.

घरी आणलेल्या रोग्याचे ताट वेगळे मांडू नका. त्याच्याजवळ बसल्याने, जेवल्याने हा रोग लागत नाही. जखम कशी धुवायची, पट्टी कधी बदलायची, हे सिस्टरला विचारून घ्या. त्या रोज असली जखम बघतात, त्यांना नवल वाटत नाही. तरीही बाईमाणसापुढे बोलवत नसेल, तर दवाखान्यात ब्रदर आहेत का विचारा. नर्सचेच काम करणाऱ्या पुरुषाला तिथे ब्रदर म्हणतात.