चाकावरचा गोळा

चाकावर भांडं घडवायला शिकताना सुरुवातीचा बहुतेक वेळ गोळा मध्यावर आणण्यात जातो, आणि तो तिथेच जायला हवा. माती कणकेसारखी तिंबून आतली हवा काढायची, गोळा चाकावर घट्ट आपटायचा, कोपर मांडीवर टेकवून ओल्या हातांनी दाब देत राहायचा. गोळा डगमगेनासा झाला, की मगच अंगठा आत घालायचा.

पुढे चुका होतातच. काठ वरखाली झाला, तर चाक फिरत असतानाच सुईने तेवढी पट्टी कापून काढता येते. भिंत थुलथुलीत होऊन बसू लागली, तर बहुधा पाणी जास्त झालेलं असतं. आत साचलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या. सगळ्यात मन खट्टू करते ती वाळताना बुडाला पडणारी नागमोडी चीर. तळ नीट दाबला गेला नसेल, तर ती पडते आणि वरून लिंपून सहसा बुजत नाही. म्हणून तळ घडवतानाच बोटांनी दाबून घ्या. बूड जाड राहिलं, तर भांडं जरा आवळल्यावर उलटं ठेवून तासता येतं.

वाया गेलेला गोळा फेकू नका. भट्टीत न गेलेली माती पाण्यात भिजवून पुन्हा तिंबता येते.