मुलांचे सांधे आणि सोनोग्राफी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संधिवात हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे काठी टेकीत देवळाची पायरी चढणारे आजोबा उभे राहतात, आणि सोनोग्राफी म्हटले की माहेरी आलेली गर्भवती लेक आठवते. या दोन्ही गोष्टींचा आपल्या घरातील लहान मुलांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तो संबंध आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे मुलांचे नुकसान होते. म्हणून आजचा हा विषय. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून उभा जन्म शाळेत काढलेला मास्तर आहे. घरातील एका मुलीच्या आजारामुळे तज्ज्ञांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तेथे जे ऐकले, पाहिले आणि नंतर वाचून पडताळले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

मुलांना संधिवात होतो हे वैद्यकाला नवे नाही. लंडनच्या डॉ. जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली अशा बावीस मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले होते. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवड्यांहून अधिक टिकलेली आणि दुसरे कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे हा विकार, अशी आजची व्याख्या आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच सांध्याच्या आतील अस्तरावर उठते. ते अस्तर जाड होते, त्यात रक्त अधिक खेळू लागते, सांध्यात पाणी साचते. आणि हे असेच चालू राहिले तर कूर्चा व हाड झिजू लागते. वाढत्या वयाचे मूल असल्याने आणखी एक चमत्कारिक गोष्ट घडते. सुजलेल्या गुडघ्यापाशी हाड लवकर वाढते आणि तो पाय दुसऱ्याहून लांब होतो.

आता अडचण अशी की मूल तक्रार करीत नाही. मोठा माणूस विव्हळतो. चार वर्षांचे पोर फक्त धावणे सोडते. सकाळी उठल्यावर अर्धा-पाऊण तास ते आखडलेले असते, जिना उतरताना बसून उतरते, कडेवर घ्या म्हणते. दहा वाजेपर्यंत पुन्हा हसतखेळत असते. मग घरातील माणसांचा समज काय होणार? माझ्या चुलतभावाची नात आठ वर्षांची. सकाळच्या शाळेत पहिल्या तासाला तिला पेन्सिल नीट धरता येईना. आजी म्हणाली, "शाळा बुडवायची निमित्तं गं तुझी!" घोटा सुजला तेव्हा निर्गुंडीच्या पाल्याचा शेक झाला, चोळणाऱ्याकडे नेऊन झाले. एके ठिकाणी क्ष-किरणांचे चित्र काढले. त्यात काही दिसले नाही, आणि सर्वांना हायसे वाटले. वस्तुतः क्ष-किरणात हाड दिसते. आतील अस्तराची सूज सुरुवातीला दिसत नाही. त्या समाधानात सात महिने गेले. या सात महिन्यांत गावातल्या गावात एक कुजबूजही चालू होती, तीही सांगितली पाहिजे. मुलीची जात, उद्या स्थळ पाहायचे, तेव्हा दुखण्याचा बोभाटा नको! आपल्या ज्ञातीत ही वृत्ती आजही जिवंत आहे, आणि मला तिची चीड येते.

अखेर तिला बालसंधिवाताच्या तज्ज्ञांकडे नेले. त्यांनी प्रथम यंत्र लावले नाही. तिला चालवून पाहिले, एकेक सांधा हातांनी वाकवून पाहिला, जबडा उघडायला लावला. नंतर घोट्यावर जेली लावून पेन्सिलीच्या डबीएवढा प्रोब टेकवला. मूल आजीच्या मांडीवर बसले होते. सुई नाही, गुंगी नाही, क्ष-किरण नाही.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. तो शरीरात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र बांधायचे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ही कल्पना वापरण्याचा प्रयत्न झाला, ग्लासगोच्या डॉ. इयन डोनाल्ड यांनी १९५८ साली पोटाच्या तपासणीतील तिचा उपयोग जगापुढे मांडला. सांध्यासाठी सेकंदाला एक कोटीहून अधिक कंपनांचा ध्वनी लागतो. तो खोल जात नाही, परंतु वरवरचे बारीक तपशील स्पष्ट दाखवतो. साचलेले पाणी पडद्यावर काळे दिसते, जाड झालेले अस्तर करडे. आणि डॉपलर नावाची सोय चालू केली की त्या अस्तरात वाहणारे रक्त तांबड्या ठिपक्यांनी उजळते. सुजेची प्रत शून्य ते तीन अशा अंकांत लिहिता येते, म्हणजे तीन महिन्यांनी औषधाचा गुण आला की नाही हे ताडून पाहता येते.

आमच्या मुलीच्या बाबतीत आणखी एक उलगडा झाला. घोट्यात लहान लहान सांधे आणि स्नायुबंधांची वेष्टने अगदी शेजारी असतात. बाहेरून बोटाला सगळी सूज एकच लागते. यंत्राने दाखवले की सूज सांध्यात थोडी आणि वेष्टनात अधिक होती. इंजेक्शन कोठे द्यायचे हे त्यावरून ठरले, आणि सुईचे टोक पडद्यावर पाहत ते दिले गेले. मांडीचा सांधा तर इतका खोल असतो की तेथील पाणी बोटाला कळतच नाही. तेथे या तपासणीचे मोल फार आहे.

परंतु हे यंत्र सर्वज्ञ नव्हे. लहान मुलाच्या हाडांची टोके अद्याप कूर्चेची असतात, आणि कूर्चाही पडद्यावर काळीच दिसते; अननुभवी माणूस तिला पाणी समजेल. वाढत्या कूर्चेत निरोगी मुलाच्याही रक्तवाहिन्या असतात. त्या डॉपलरमध्ये चमकतात आणि रोगाचा भास होतो. म्हणून मुलांचे सांधे पाहण्याचा सराव असलेलाच डॉक्टर हवा. जबड्याच्या व कण्याच्या सांध्यांसाठी एम.आर.आय. अधिक विश्वासाचे. आणि पाणी दिसले तरी ते कशाचे हे ध्वनी सांगत नाही. आपल्या देशात एकाच सांध्याची सूज क्षयाचीही असू शकते. घसा दुखून गेल्यावर एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारी वेदना हृदयाला धोका देणाऱ्या संधिज्वराची असू शकते. रक्ततपासणी, कधी त्या पाण्याची तपासणी, हे चुकत नाही. हाताला सांधा बरा वाटतो पण यंत्रात थोडी सूज दिसते, असेही होते. तेवढ्यावरून औषध वाढवावे की नाही याबद्दल तज्ज्ञांतच मतभेद आहेत.

डोळ्यांचे तर विसरूच नये. या मुलांत डोळ्याच्या आत सूज येते. डोळा लालही होत नाही, दुखतही नाही, आणि दृष्टी जाते. दर काही महिन्यांनी नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पवर तपासणी करून घ्यावी लागते.

काही भगिनींनी मला विचारले, सोनोग्राफी म्हणजे सरकारी भानगड तर नव्हे? गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा केंद्रीय कायदा आहे. आपल्या राज्याने त्यापूर्वीच, १९८८ मध्ये, कायदा केला होता. त्यामुळे यंत्राची व केंद्राची नोंदणी असावी लागते, आणि ते योग्यच आहे. आपल्या समाजाने मुली जन्मू दिल्या नाहीत म्हणून तो कायदा आला. मुलाच्या गुडघ्याची तपासणी करून घेण्यास मात्र त्यात कोणतीच आडकाठी नाही.

ती मुलगी आज आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते, महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासते, आणि पायरी चढून शाळेत जाते. असे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच आहेत. प्रत्येक खेपेला गाडीभाडे, एक दिवसाची मजुरी आणि तपासणीचे पैसे लागतात. आपल्या संस्थेचा विद्यार्थी निधी केवळ वह्यापुस्तके व बक्षिसे यांवर खर्च होतो. त्यातील काही भाग ज्ञातीतील आजारी मुलांच्या प्रवासासाठी व तपासणीसाठी राखून ठेवावा आणि मदत घेणाऱ्याचे नाव अहवालात छापू नये, अशी लेखी सूचना मी कार्यकारिणीकडे दिली आहे. येत्या सर्वसाधारण सभेत ती विचारार्थ घ्यावी, अशी अध्यक्षांना विनंती करतो.