शेजारी हवा तर असा! (पुस्तकातला)

बसमध्ये असाल, मेट्रोत असाल, नाहीतर भांडी घासत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय तसा हलकाफुलका आहे. म्हणजे मी ठरवलं तेव्हा तरी तो हलकाफुलकाच होता. लहानपणी वाचलेल्या गोष्टींमधलं कोण तुमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेलं तुम्हाला आवडेल?

मी यादी करायला बसलो. इंजिनियर माणूस, त्यामुळे एक्सेल शीट उघडली. त्यातली तीन नावं सांगतो.

पहिलं नाव बोक्या सातबंडे. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या. खरं नाव चिन्मयानंद, पण त्या नावाने त्याला हाक मारणाऱ्याला तो ओ देईल असं वाटत नाही. बोक्या आधी आकाशवाणीवर श्रुतिकांमधून आला आणि मग पुस्तकांत. म्हणजे आपल्यासारखाच, ऐकण्याच्या दुनियेतला. घरात आई-बाबा, भाऊ आणि आजी. बोक्या उपद्व्यापी आहे, पण त्याचे बरेचसे उपद्व्याप दुसऱ्या कुणाच्या तरी अडचणीतून सुरू होतात. कुणाला त्रास होतोय हे दिसलं की याच्या डोक्यात काहीतरी शिजायला लागतं. असा पोरगा बिल्डिंगमध्ये असला तर तुमची दुपारची झोप गेली समजा. पण लिफ्ट बंद पडल्यावर वरच्या मजल्यावरच्या आजींची भाजी कोण नेणार, हा प्रश्न सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा लागणार नाही.

दुसरं नाव तुम्ही ओळखलं असेलच. टॉक्! फास्टर फेणे. भा. रा. भागवतांचा बन्या, म्हणजे बनेश फेणे, गाव फुरसुंगी. पुण्यात विद्या भवन शाळेत शिकतो, सायकल दामटतो आणि जिथे गडबड तिथे हजर. तुमच्यापैकी काहींना तो २०१७ च्या सिनेमातला अमेय वाघ म्हणून माहीत असेल. माझ्यासाठी मात्र तो हडकुळा, शाळकरी बन्याच. आणि त्याचं फुरसुंगी? आज तिथे आयटी पार्क आहे. आमच्यासारखी पोरं गळ्यात आयकार्ड घालून तिथे जातात-येतात आणि त्यातल्या कित्येकांना पत्ताच नसतो, की आपण फास्टर फेणेच्या गावात कामाला आहोत.

लहान असताना मला वाटायचं, फाफेची खासियत म्हणजे स्पीड. नावातच फास्टर आहे ना! अलीकडे मत बदललंय. त्याची खासियत ही, की त्याला *दिसतं*. सगळे ज्या गोष्टीवरून नजर फिरवून पुढे जातात, तिथे हा थांबतो. धावणं त्याच्या नंतरचं.

मत का बदललं, तेही सांगतो. इथून पुढे विषय थोडा जड होणार आहे.

मी पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. समोरच्या दारात एक काका, सत्तरी ओलांडलेले, एकटे. मुलगी नागपूरला. आमचं नातं म्हणजे लिफ्टमध्ये "काय, ऑफिस?" आणि "हो काका." एवढंच, दीड वर्ष.

मागच्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी मी निघालो, तेव्हा त्यांच्या दाराला दुधाची पिशवी लटकत होती. पाहिलं. रात्री आलो, पिशवी तिथेच. पाहिलं. बुधवारी सकाळी दारात दोन पेपर पडलेले, एकावर एक. मी ते ओलांडून गेलो. मनात आलंसुद्धा, की काका गावाला गेलेले दिसतात, दूधवाल्याला सांगायला विसरले वाटतं. इतका विचार केला आणि लिफ्टचं बटण दाबलं. आदल्या रात्री सर्व्हर डाऊन होता, झोप झाली नव्हती. कारणं काय, माझ्याकडे भरपूर आहेत.

बुधवारी संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावरचा पोरगा, चौथीतला. हातात कॅरमचा स्ट्रायकर. म्हणाला, "दादा, काका दार उघडत नाहीयेत."

मी म्हटलं, "अरे, गावाला गेले असतील."

तो म्हणाला, "पण चपला तर इथेच आहेत. आणि छत्री पण."

मंडळी, मी खाली बघितलं. चपला होत्या. ओळीत, नेहमीच्या जागी. दोन दिवस मी त्याच्या शेजारून चार वेळा गेलो होतो.

कामवाल्या मावशी त्या आठवड्यात सुट्टीवर होत्या, पण त्यांच्याकडे दुसरी किल्ली होती. फोन केला, त्या रिक्षाने आल्या. आतून कडी नव्हती, फक्त लॅच, हे नशीब. काका बाथरूमच्या दाराशी पडलेले. शुद्धीत होते. मंगळवारी सकाळी घसरले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, हलता येत नव्हतं आणि फोन बेडरूममध्ये. १०८ ला फोन केला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, ऑपरेशन झालं. आता काका वॉकर घेऊन चालतात. ठीक आहेत.

पण त्यांनी नंतर एक गोष्ट सांगितली. तक्रार म्हणून नाही, अगदी सहज. म्हणाले, "तुझ्या दाराचा आवाज यायचा रे. मी हाकाही मारल्या."

माझ्या कानात हेडफोन होते. नॉइज कॅन्सलेशनवाले. आणि मी पॉडकास्ट ऐकत होतो.

(थोडा थांबतोय इथे.)

मी फास्टर फेणेची पुस्तकं शाळेत असताना झपाटल्यासारखी वाचली आहेत. त्या चौथीतल्या पोराने एकही वाचलेलं नाही, मी विचारलं त्याला. तरी बन्या तोच निघाला. म्हणजे माझ्या शेजारी फास्टर फेणे राहायला आलेलाच होता. काकांच्या शेजारी कोण राहत होतं, हा प्रश्न आहे.

आता तिसरं नाव. हे पात्र नाही, खरा माणूस आहे, पण मला पुस्तकातूनच भेटला. 'तोत्तोचान'मधले हेडमास्तर, सोसाकु कोबायाशी. तेत्सुको कुरोयानागी यांनी आपल्या लहानपणावर लिहिलेलं हे जपानी पुस्तक १९८१ साली आलं. मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी ते आणलं. तोत्तोचानला पहिल्या शाळेतून काढून टाकलेलं असतं. आई तिला तोमोए नावाच्या शाळेत घेऊन जाते, जिथे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. पहिल्याच दिवशी हेडमास्तर आईला घरी पाठवतात, खुर्ची ओढून त्या पोरीसमोर बसतात आणि तिला हवं ते बोलू देतात. ती चार तास बोलते. चार तास! एकदाही जांभई नाही.

मी विचार केला, मी कुणाचं सलग किती वेळ ऐकलंय? स्टँडअप मीटिंग पंधरा मिनिटांची असते आणि तिच्यातसुद्धा मी दुसऱ्या खिडकीत मेल बघतो.

आता रविवारी सकाळी मी काकांकडे जातो. ते एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये होते. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते कळायचं, असं सांगतात. आमच्या भाषेत, लॉग न बघता डिबगिंग! मी एकदम सुधारलो वगैरे असं काही नाही. पाऊण तासानंतर हात आपोआप खिशातल्या फोनकडे जातो. काकांना ते कळतं. ते म्हणतात, "जा आता, तुझं ऑफिस वाट बघत असेल." रविवार असतो, तरी म्हणतात. मग मी अजून दहा मिनिटं बसतो. चार तासांचा पल्ला लांब आहे. आणि तो स्ट्रायकरवाला आम्हा दोघांनाही कॅरममध्ये हरवतो.

तर ही माझी तीन नावं. गोट्या यादीत हवा होता, 'चिंगी'ही हवी होती, पण वेळ संपत आला. तुमचं नाव कुठलं, ते नक्की कळवा. त्यासोबत आणखी एक गोष्ट कळवाल? तुमच्या समोरच्या दारात कोण राहतं, त्यांचं नाव. मला माझ्या काकांचं नाव अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं तेव्हा दारावरची पाटी वाचून सांगावं लागलं होतं.

पुढच्या भागात भेटूच. आणि हो, जिन्यात असाल तर एक कान मोकळा ठेवा. टॉक्!