बालमनाचे घाव
(महोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



मंदिराच्या महोत्सवदिनी आपली दृष्टी साहजिकच त्याच्या भिंतींकडे जाते. आज आम्ही दुसऱ्या एका मंदिराकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ते म्हणजे बालकाचे मन.

धाकावाचून मूल सुधारत नाही, असा पुष्कळांचा समज आहे. परंतु १९९८ साली अमेरिकेतील डॉक्टर फेलिटी, अँडा व त्यांचे सहकारी यांनी ९,५०० हून अधिक प्रौढांच्या बालपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, आईचा छळ, घरातील व्यसन अशा सात प्रकारांपैकी चार वा अधिक ज्यांच्या वाट्यास आले, त्यांना मद्यासक्ती, विषाद व आत्मघाताचा प्रयत्न यांचा धोका यांपैकी काहीच न सोसलेल्यांहून चार ते बारा पट आढळला.

भयात वाढलेले मूल भय सरल्यावरही सावधच राहते. त्याची झोप उडते, कोणावर विश्वास बसत नाही. पुष्कळदा तर ते स्वतःसच दोषी मानते. अशांस आम्ही निक्षून सांगतो: ते पाप तुमचे नव्हे. त्याबद्दल क्षमा मागावयाची नाही, उपचार घ्यावयाचे आहेत. प्रार्थना करा, आणि डॉक्टरांकडेही जा. असे घाव भरून येऊ शकतात.

मुलांचे धैर्य खचेल असे वागू नये, अशी ताकीद संत पौलाने कलस्सैकरांस धाडलेल्या पत्रात बापांना दिली आहे. म्हणून अब्रूसाठी मौन धरू नका, मग अपराधी घरचा असो वा ख्रिस्तसभेचा. संकटातील बालकासाठी १०९८ हा दूरध्वनी आहे. तो मुलांस पाठ करवा.

प्रभू आपल्या घरांतील लेकरांचे रक्षण करो.