भंगारातला जुना व्हाइस : पारख आणि दुरुस्ती



कडबाकुट्टीच्या पात्याला धार लावायची असते. फवारणी पंपाची दांडी वाकलेली असते, किंवा पाइपाचे आटे बुजलेले असतात. अशा वेळी आपण काय करतो? वस्तू पायाखाली दाबून धरतो आणि कानस चालवतो. वस्तू घसरते आणि कानस बोटावर येते. हे काम दोन हातांचं नाही, वस्तू घट्ट धरून ठेवणारा तिसरा हात त्याला हवा. तो हात म्हणजे बेंच व्हाइस. कोणी त्याला वाईस म्हणतात, कोणी शिकंजा. ऐन हंगामात एखादी खीळ तुटली आणि घरात व्हाइस असला, तर तालुक्याची एक खेप वाचते.

नव्याबद्दल दुकानदार सांगेलच. मला बोलायचं आहे ते जुन्या व्हाइसबद्दल. मुंबईच्या कापड गिरण्या १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. त्यांच्यासारखेच लहानमोठे कारखाने आणि वर्कशॉप आजही मोडीत निघतात, आणि तिथली हत्यारं भंगारवाल्याकडे जातात. तो व्हाइस बहुधा किलोच्या भावाने विकतो, कारण तो त्याच्या लेखी बीडच असतं. गिऱ्हाईक मिळालं नाही, तर माल भट्टीत जातो. त्यातले काही व्हाइस आणखी दोन पिढ्या काम देतील असे असतात. काही मात्र भट्टीच्याच लायकीचे. हा फरक विकत घेण्याआधी ओळखता आला पाहिजे.

व्हाइस दोन जातींचा. लोहाराकडे असतो तो पायाचा व्हाइस. त्याचा एक लांब पाय जमिनीपर्यंत जातो. तो घडीव लोखंडाचा असतो आणि घणाचे घाव सोसतो. टेबलावर बसतो तो बेंच व्हाइस. तो बहुतेक ओतीव, म्हणजे बिडाचा. बीड दाब चांगला सोसते, पण वाकत नाही. मर्यादेबाहेर गेले की एकदम तडकते. शंका आली तर आडबाजूला कानशीचे दोन हात मारून पाहावेत. बिडाचा कीस काळसर भुकटीसारखा पडतो, पोलादाचा चकचकीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता नावाचं. जुन्या व्हाइसच्या अंगावर ओतकामातच उठावाची अक्षरं असतात. रंग आणि मळ यांखाली ती दिसत नाहीत. तारेच्या ब्रशने हलकं घासून वरून खडू फिरवावा, अक्षरं उमटून दिसतात. इंग्रजी वाचायला अडचण असेल, तर शाळेतल्या पोराला हाक मारा. ‘रेकॉर्ड’ आणि ‘शेफील्ड’ असं दिसलं, तर माल इंग्लंडचा, नावाजलेला. ‘पार्किन्सन’ आणि ‘शिपली’ असेल, तर तोही तिकडचाच, यॉर्कशायर भागातला. पार्किन्सनच्या व्हाइसला पुढे एक खटका असतो. तो दाबला की स्क्रू नटातून सुटतो आणि जबडा सरळ पुढे-मागे सरकतो. आपल्याकडचे पुष्कळसे व्हाइस पंजाबातले, जालंधर-लुधियाना बाजूचे. तिथे हातहत्यारांचा मोठा धंदा आहे. त्यांतही चांगला माल असतो.

रंगावर मात्र जाऊ नका. रेकॉर्डचा व्हाइस निळा असतो हे भंगारवाल्यालाही माहीत आहे, आणि निळ्या रंगाचा डबा कुठेही मिळतो. माझं मत विचाराल तर नावापेक्षा अंग पाहावं. साहेबाचा तडकलेला व्हाइस घेण्यापेक्षा बिननावाचा धडका बरा. ताजा जाड रंग दिला असेल, तर जास्तच बारकाईने पाहावं. रंगाखाली भेग लपते.

भेग पाहण्याची युक्ती सोपी आहे. संशयाची जागा साफ करून तिथे रॉकेल किंवा डिझेल लावावं, दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यावं. मग कोरड्या फडक्याने अगदी पुसून वरून खडूची पूड चोळावी. भेग असली तर आत मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर काळपट रेघ उमटते. जबड्याच्या मुळाशी, सरकत्या दांड्याच्या खाली आणि टेबलाला बोल्ट मारायच्या कानांपाशी हे जरूर करावं. कानाचा तुकडा उडाला असेल तर एक वेळ चालेल, पट्टी टाकून बसवता येतो. जबड्याच्या मुळाशी भेग असेल तर व्हाइस तिथेच ठेवून यावं. “वेल्डिंग करून देतो” असं कोणी म्हणेल. बिडाला साध्या कांडीने वेल्डिंग केलं की सांध्याच्या शेजारीच नवी भेग पडते. निकेलची कांडी आणि आधी तापवून घेणारा जाणता कारागीर लागतो. तरीही जेथे सगळा जोर येतो त्या जागेचा भरवसा धरू नये.

दुसरी तपासणी स्क्रूची. जबडा पूर्ण उघडून खाली वाकून पाहावं. बहुतेक व्हाइसच्या स्क्रूला चौकोनी आटे असतात, त्यांचा माथा सपाट दिसला पाहिजे. सुरीसारखा धारदार झाला असेल तर स्क्रू झिजला. मधल्या भागात, जिथे रोजचं काम होतं, तिथे झीज जास्त असते. म्हणून टोकाचे आटे पाहून समाधान मानू नये. मग दांडा उलट-सुलट फिरवावा. पाव फेऱ्याची मोकळीक चालेल. अर्धा फेरा फिरूनही जबडा हलत नसेल तर आतला नट गेला असं समजावं. नट गेला म्हणून व्हाइस टाकायचं कारण नाही. टर्नर लेथवर गनमेटलचा नट करून देतो, फक्त स्क्रू त्याच्याकडे सोबत न्यावा. जुन्या व्हाइसचे आटे इंचाच्या मापाचे असतात, ते मोजूनच नट कापावा लागतो. स्क्रू आणि नट दोन्ही गेले असतील, तर नव्याची किंमत विचारून मगच हात घाला.

तिसरी तपासणी जबड्यांची. कागदाची पट्टी डाव्या टोकाला, मग मध्ये, मग उजव्या टोकाला धरून जबडे बंद करावेत आणि कागद ओढून पाहावा. तिन्ही ठिकाणी तो धरला गेला पाहिजे. मध्येच सैल लागला तर पट्ट्या झिजल्या आहेत. या दातेरी पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि नव्या करता येतात. व्हाइसचं माप म्हणजे जबड्याची रुंदी. शेतकऱ्याला ४ किंवा ५ इंची, म्हणजे १०० किंवा १२५ मिलिमीटरचा पुरे होतो.

घरी आणलेला व्हाइस गंजाने जाम असला, तर पहिला मोह होतो दांड्यात पाइप घालून जोर लावण्याचा. हे करू नका. दांडा वाकतो, नाही तर बीड फुटतं. डिझेल आणि ऑइल मिसळून स्क्रूवर आणि फटींत सोडावं आणि दोन-तीन दिवस राहू द्यावं. रोज स्क्रूच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा धरून हलके ठोके द्यावेत. आधी किंचित आवळून पाहावं, मग सोडून पाहावं. घाई नको. अगदीच हटला नाही, तर तेल पुसून काढून नटाभोवतीचा भाग उघड्यावर सावकाश, सर्व बाजूंनी सारखा तापवावा. तापलेल्या बिडावर पाणी ओतलं, की भेग गेलीच म्हणून समजा.

स्क्रू सुटला की सरकता जबडा बाहेर येतो. तो जड असतो. खाली एका माणसाचा हात हवा, पाय नको. आतलं घट्ट झालेलं ग्रीस लाकडाच्या चपटीने खरवडून रॉकेलने धुवावं. पट्ट्या, वॉशर, लहान स्क्रू चिंचेच्या घट्ट पाण्यात रात्रभर ठेवले तर गंज सैल होतो. सकाळी ब्रशने घासावे, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळावे, उन्हात वाळवावे आणि लगेच तेल लावावं. तेलाला उशीर केला तर दुपारपर्यंत पुन्हा लाल होतात.

जुन्या रंगाबद्दल माताभगिनींनीही नीट ऐकावं. पूर्वीच्या पुष्कळ रंगांत शिसे असे. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमच्या व्हाइसवरचा रंग त्याच्या किती तरी आधीचा असेल. म्हणून तो कोरडा घासू नये, जाळू तर नयेच. ओला करून खरवडावा, नाकाला फडकं बांधावं, मुलांना लांब ठेवावं. खाली जुनी ताडपत्री अंथरावी आणि पापुद्रे गोळा करून बांधून ठेवावेत. गोठ्याजवळ, गव्हाणीजवळ हे काम अजिबात करू नका. जनावरं असे पापुद्रे चाटतात आणि त्यांना शिशाची विषबाधा होते. गाभण गाय दगावली, तर व्हाइस केवढ्याला पडला याचा हिशेब तुम्हीच करा. काम झाल्यावर हात साबणाने धुऊन मगच भाकरीला लावावेत.

बसवताना बाभळीची जाड फळी घ्यावी, खिळे नकोत, आरपार बोल्ट आणि खाली मोठे वॉशर हवेत. स्थिर जबडा फळीच्या कडेच्या किंचित पुढे आला पाहिजे, म्हणजे लांब पाइप उभा धरता येतो. उंची अशी ठेवावी की उभं राहिल्यावर जबडा कोपराला येईल. ज्याला रोज काम करायचं आहे त्याच्या कोपराचं माप घ्या, उंच पाहुण्याचं नको.

नट-स्क्रूला ग्रीस बेताचं लावावं. जास्त लावलं की शेतातली माती त्यात बसते आणि तीच आटे खाते. आटे असलेली वस्तू धरताना दोन्ही बाजूंना तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून घालावा. कडबाकुट्टीचं पातं धरताना धार आपल्यापासून दूर ठेवावी. आणि वखराची पास किंवा जाड सळई सरळ करायची असेल, तर ती बिडाच्या व्हाइसमध्ये धरून घण मारू नये. ते काम लोहाराच्या पायाच्या व्हाइसवर न्यावं. रात्री काम संपलं की जबडे करकचून आवळून ठेवू नका, बोटभर फट राहू द्या.